दुकानाचे फ्रीजर इन्व्हर्टरवर टाकावेत का?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत खाली दूध-दही, श्रीखंड आणि आइस्क्रीमचं दुकान, वर घर. घरात सासूबाईंचं इन्सुलिन आहे, मुलगी घरूनच ऑनलाइन नोकरी करते. गेल्या वळवात एका रात्री नऊ तास लाईट नव्हती आणि आइस्क्रीमचा सगळा माल टाकून द्यावा लागला. आता एक दुकानदार म्हणतोय ५ केव्हीएचा इन्व्हर्टर चार बॅटऱ्यांसह घ्या, सगळं चालेल. दुसरा म्हणतोय सोलर बसवा, सबसिडी आहे, लाईट गेली तरी फरक पडणार नाही. आणि मेहुणे त्यांच्या मंगल कार्यालयातला १५ केव्हीएचा जुना डिझेल जनरेटर फुकट द्यायला तयार आहेत. यातलं काय घ्यावं?

ताई, तिघांपैकी कुणालाच अजून हो म्हणू नका. मी कोल्हापुरात २६ वर्षं वायरिंगचं आणि इन्व्हर्टर-जनरेटरचं काम करतोय. सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना कुठे बघितले असतील तर ते ‘आधी मशीन आणलं, मग काय चालवायचं ते ठरवलं’ या प्रकारात.

आपल्याकडे लाईट तीन तऱ्हांनी जाते. पहिली दहा मिनिटांपासून तासा-दोन तासांपर्यंतची: डीपीवरचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला, फिडर (सबस्टेशनमधून येणारी मुख्य लाईन) ट्रिप झाला, कुठे दुरुस्ती चालू आहे. दुसरी वळवाची. एप्रिल-मेमध्ये दिवसभर खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हात तापतात, संध्याकाळी त्यांच्यावर पावसाचे पहिले थेंब पडले की काहींना तडा जातो. मग करंट खांबातून जमिनीत उतरतो आणि सबस्टेशनमधून फिडर बंद पडतो. लोक म्हणतात, ‘चार थेंब पडले की लाईट गेलीच.’ पण ते चार थेंबच कारण असतात. तडा गेलेला इन्सुलेटर खालून दिसत नाही, रात्रीच्या अंधारात लाईनमन एकेक खांब बघत जातो, वर झाडं पडलेली असतात, त्यामुळे सहा-आठ-दहा तास सहज जातात. तुमची नऊ तासांची रात्र ही असली. आणि तिसरी महापुराची. शाहूपुरीत राहणाऱ्याला २०१९ आणि २०२१ मी सांगायला नको.

या तिन्हींना एकच मशीन पुरत नाही. पहिल्या तऱ्हेला इन्व्हर्टर बास. दुसऱ्या तऱ्हेत दुकानाचा माल वाचवायचा, तर त्याचा उपाय वेगळा. तिसऱ्या तऱ्हेत मुळात काही चालवायचंच नसतं, उलट सगळं बंद करायचं असतं.

खर्चात पडण्याआधी एक काम फुकटात करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकींना एक युनिट. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचा. संध्याकाळी सातला, लाईट गेल्यावर जेवढं चालू राहावं असं वाटतं तेवढंच चालू ठेवा, बाकीची बटणं बंद. आता मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुकी मोजा. समजा १६ आल्या. तासाला झाल्या ९६०, भागिले ३२००, म्हणजे ताशी ०.३ युनिट, म्हणजे ३०० वॅट. दुकानाचं मीटर वेगळं असेल तर तिथेही हेच करा. कुठल्याही दुकानदाराच्या तक्त्यापेक्षा हा आकडा खरा, कारण तो तुमच्या घराचा आहे.

आता केव्हीएचं गौडबंगाल. केव्हीए म्हणजे पाइपची जाडी आणि बॅटरी म्हणजे टाकी. पाइप जाड घेतला म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही. १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्यूब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरची नेहमीची पाणी घालायची, बॅटरी कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. पण तिला तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो: एक बॅटरी म्हणजे हातात एक युनिट. ३०० वॅट लोड असेल तर सव्वातीन तास. तुमच्या चार बॅटऱ्या म्हणजे चार युनिट. दोन डीप फ्रीजर, एक काचेचा उभा कूलर, घरचा फ्रीज, पंखे, दिवे असं ‘सगळं’ त्यावर टाकलं की लोड दीड किलोवॅटच्या आसपास जातो आणि खेळ अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो. नऊ तासांच्या रात्री आइस्क्रीम तरीही गेलंच असतं, वर चार बॅटऱ्यांचं बिल. शिवाय पूर्ण उतरलेली बॅटरी परत भरायला दहा-बारा तास घेते. पहिल्या रात्री उतरली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वळीव आला, की ती अर्धवट भरलेलीच कामाला लागते.

फ्रीजरचा आणखी एक त्रास आहे. कॉम्प्रेसर चालू असताना दीडशे-दोनशे वॅट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट ओढतो. इन्व्हर्टर ‘ओव्हरलोड’ म्हणून बसतो तो त्या क्षणी. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर मोटर गुणगुणते, गरम होते. त्यामुळे घ्यायचा तो साइन वेव्हचाच, म्हणजे लाईनीसारखीच वीज देणारा, यात वाद नाही.

मग आइस्क्रीमचं काय? विजेपेक्षा थंडी साठवणं स्वस्त पडतं. डीप फ्रीजर म्हणजेच एक बॅटरी आहे, फक्त आपण ती अर्धी रिकामी ठेवतो. आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये जिथे जागा मोकळी राहते तिथे मिठाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, लिटरला साधारण दीडशे ग्रॅम मीठ, वर दोन बोटं जागा सोडून. साध्या पाण्याचा बर्फ शून्याला वितळतो, तोवर आइस्क्रीमची बासुंदी झालेली असते. मिठाच्या पाण्याचा बर्फ शून्याच्या बराच खाली वितळायला लागतो आणि वितळताना थंडी देत राहतो. आइस्क्रीम उणे १८ ला ठेवायचं असतं आणि उणे १० च्या वर गेलं की मऊ पडायला लागतं, म्हणून त्याला हाच बर्फ उपयोगी. श्रीखंड-दह्याच्या कूलरमध्ये मात्र साध्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या चालतात.

लाईट गेली की विक्री थांबवा आणि झाकण उघडू नका. काचेचं झाकण असलेल्या फ्रीजरमधून थंडी वरून जाते, त्यावर घरातली जाडजूड वाकळ टाका. हसू नका, राजारामपुरीतल्या माझ्या एका गिऱ्हाइकाकडे या वाकळेने मे महिन्यातली अख्खी संध्याकाळ काढली आहे. लाईट आली की मात्र वाकळ लगेच काढा. बऱ्याच डीप फ्रीजरच्या बाजूच्या पत्र्यातूनच उष्णता बाहेर पडते, तो झाकलेला राहिला तर कॉम्प्रेसर तापतो. आणि एकदा वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवून विकायचं नाही. तुम्ही तो माल टाकला ते बरोबर केलंत.

एवढं करूनही आठ-दहा तासांची रात्र आली तर जनरेटर लागतो, पण मेहुण्यांचा नव्हे. १५ केव्हीएच्या डिझेल जनरेटरवर दीड किलोवॅट टाकणं म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरने भाजी आणायला जाणं. डिझेल इंजिनाला क्षमतेच्या निदान तीस टक्के लोड लागतो. त्याहून कमी लोडवर तासन्‌तास चालवलं की डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळायला लागतं, नोझल चोंदतात. फुकटचा जनरेटर दोन पावसाळ्यांत दुरुस्तीला येतो. शिवाय शाहूपुरीच्या गल्लीत तो ठेवणार कुठे? शेजारी दुसऱ्याच दिवशी तक्रार करतील आणि त्यांची चूक नसेल.

तुम्हाला ३ केव्हीएच्या आसपासचा पेट्रोलचा छोटा जनरेटर पुरेल. तो रात्रभर चालवायचा नाही. दर चार तासांनी एक तास, फ्रीजर एकानंतर एक सुरू करत. तासाला लिटरभराच्या आगेमागे पेट्रोल धरा. ठेवायचा उघड्यावर. जिन्याखाली नाही, बोळात नाही, अर्धं शटर उघडून दुकानात तर अजिबात नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, माणूस झोपेतच जातो. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लोड टाकून चालवा आणि शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होऊ द्या, नाहीतर नेमक्या गरजेच्या रात्री दोरी ओढून हात दुखतील.

आता जनरेटरबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं. तो घराच्या वायरिंगला जोडायचा तो चेंजओव्हर स्विचनेच, म्हणजे एका वेळी एकतर लाईन नाहीतर जनरेटर. एका दुकानात मी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बघितली आहे. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की झालं सगळं दुकान चालू. मेन बंद करायचं लक्षात राहिलं तर ठीक. नाही राहिलं, तर तुमचे २३० व्होल्ट उलटे रस्त्यावरच्या लाईनवर जातात आणि डीपीत शिरून दुसऱ्या बाजूला ११,००० होतात. लाईट बंद आहे म्हणून कुणीतरी लाईनमन त्याच वेळी खांबावर चढलेला असतो. त्या दुकानदाराला मी ती वायर माझ्या हाताने कापून दिली, मग चहा घेतला. चेंजओव्हरला एका वेळी दोन्ही बाजू जोडणं यांत्रिकरीत्याच अशक्य असतं, आठवणीवर काही राहत नाही.

सोलरवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पीएम सूर्य घर योजनेत घरगुती जोडणीला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि बिल कमी होतं यातही शंका नाही. पण हे सोलर सहसा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, असतं. लाईट गेली की ते स्वतःहून बंद पडतं, भर दुपारी बारा वाजता लख्ख ऊन असताना सुद्धा. तो बिघाड नव्हे. वर सांगितलेला तोच लाईनमन वाचावा म्हणून तशी रचना असते. लाईट नसताना चालणारं हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, त्याचा खर्च वेगळा. सोलर बिलासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण तेव्हाच विचारा की पुढे बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर मिळेल का. ‘लाईटची कटकट मिटेल’ हे वाक्य कोटेशनवर लिहून मागा, बघा लिहितो का.

लाईट जाते तेव्हा नुकसान कमी होतं, येते तेव्हा जास्त होतं. हे मला गिऱ्हाइकांना पटवून द्यायला फार वेळ लागतो. वादळात कधी डीपीपासून येणारी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटते. एका सोसायटीत मी पोचलो तेव्हा एका फ्लॅटमधले दिवे मिणमिणत होते आणि शेजारच्या फ्लॅटमधले डोळे दिपतील असे पेटले होते. एका फ्लॅटमध्ये १४० व्होल्ट, दुसऱ्यात ३३० च्या वर. न्यूट्रल नसली की दोन फेजवरची दोन घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ज्याचा लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. जवळजवळ काहीच चालू नसलेल्या, गावाला गेलेल्या माणसाचा फ्रीज, टीव्ही आणि राउटर असे तीन नग गेले होते. तुमचा एमसीबी (जादा लोडला पडणारा स्विच) हे थांबवत नाही, तो व्होल्टेज बघतच नाही. यासाठी मेनमध्ये ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवतात. साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की तो तोडतो आणि सगळं स्थिर झाल्यावर तीन-चार मिनिटं थांबून जोडतो. त्या तीन मिनिटांचा कॉम्प्रेसरलाही फायदा, कारण बंद पडल्यावर लगेच सुरू करणं त्याला झेपत नाही. तुमच्या यादीत मी हा रिले इन्व्हर्टरच्याही आधी लिहीन. तोवर एक सवय लावा: वादळात लाईट गेली की फ्रीजर, टीव्ही, कॉम्प्युटरच्या पिना काढायच्या, एक दिवा तेवढा चालू ठेवायचा. तो पेटला आणि पाच मिनिटं नीट जळला की मग एकेक पिन लावायची.

आता महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि इकडे पाणी ३९ कडे सरकायला लागलं, की तुमच्याकडे बहुतेक वेळा काही तास तरी असतात. ते माल हलवायला वापरा. पुरात महावितरण स्वतःच त्या भागाचा पुरवठा बंद करतं, आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या इन्व्हर्टरला ते कोण सांगणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्याच भागातल्या एका दुकानदाराचा फोन आला. ‘रात्रीपासून लाईट नाही, पण शटरला हात लावला की झिणझिण्या येतात.’ दुकानात घोटाभर पाणी होतं, इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर, आणि त्याची एक वायर खाली दुकानातल्या दिव्याला उतरलेली. बोर्ड ओला झाला होता. मी त्यांना पाण्यातून बाहेर यायला सांगितलं, मागच्या जिन्याने वर गेलो, इन्व्हर्टर बंद केला आणि बॅटरीची एक केबलही सोडली. म्हणून पाणी गल्लीत दिसलं की मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. खालच्या मजल्याला वेगळा एमसीबी असेल तर फक्त तेवढा पाडून वर दिवे चालू ठेवता येतात. वायरमनकडून हा एमसीबी आजच करून घ्या, आणि मेनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर तोही.

पाणी ओसरल्यावर घाईने मेन उचलू नका. वायरिंगची मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासणी होऊ दे, एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर अजून ओल आहे. पाण्यात गेलेले सॉकेट आणि एमसीबी वाळवून वापरायचे नाहीत, बदलायचे. आणि पुरात फक्त लाईटच जात नाही. २०१९ ला शहराला पाणी देणारं शिंगणापूरचं उपसा केंद्रच पाण्यात गेलं, शहराला टँकरवर दिवस काढावे लागले. हायवे शिरोलीजवळ बंद झाला तेव्हा पेट्रोलही मिळेना. ३९ फुटांना वरची टाकी भरून घ्या.

इन्सुलिनची तेवढी काळजी नको, पण चूक एक हमखास होते: लोक ते बर्फात ठेवतात. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण महिनाभर गार खोलीतही टिकते, नेमके दिवस त्याच्या कागदावर असतात. लाईट गेली की बंद फ्रीज चार तास धरतो. त्यानंतर डबा टॉवेलमध्ये गुंडाळून थर्मासच्या खोक्यात, बर्फाला न चिकटवता. मुलीच्या कामासाठी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-चार तास देतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच. लाईट बराच वेळ गेली की मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, हे मात्र तिने ऑफिसला आधीच सांगून ठेवावं.

तर मी काय बसवीन? वरच्या मजल्यावर २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, साधारण २ केव्हीएचा. म्हणजे दोन युनिट. घरचे दिवे, दोन पंखे, राउटर, टीव्ही आणि खाली दुकानातले तीन दिवे, बिलिंगचं मशीन, कॅमेरे. पंखे जुने असतील तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, ७५ वॅटचा पंखा ३० वर येतो, जवळजवळ अर्धी बॅटरी त्यातच मिळाली. सगळं मिळून ४०० वॅटच्या आत बसवलं तर पाच तास. फ्रीजर यावर नाहीत. इन्व्हर्टर लाईनची न्यूट्रल वेगळी ओढून घ्या, नाहीतर आरसीसीबी उगाच पडत राहील आणि वायरमन तो काढून टाकायचा सल्ला देईल. तो ऐकू नका.

बॅटरी इन्व्हर्टरच्या अगदी शेजारी हवी. २४ व्होल्टवर हजार वॅट म्हणजे चाळीसच्या वर अँपिअर, लांब केबलमध्ये वीज गरम होऊन जाते. तिथून पुढे दुकानापर्यंत २३० ची वायर थोडी लांब गेली तरी बिघडत नाही. जागा हवेशीर. चार्ज होताना ट्यूब्युलर बॅटरीतून हायड्रोजन निघतो, बंद कपाटात किंवा देवघराच्या निरंजनाजवळ ती नको. दोन-तीन महिन्यांनी झाकणावरची तरंगणारी काडी बघा, लाल खुणेकडे उतरली की डिस्टिल्ड वॉटर, फक्त खुणेपर्यंत. नळाचं पाणी नाही, ॲसिड तर नाहीच. बजेट असेल तर लिथियम घ्या. महाग आहे, इन्व्हर्टरही त्याला चालणारा लागतो, पण दोन-तीन तासांत भरते, पाणी घालायला लागत नाही. आणि १५० ची ट्यूब्युलर उचलायला दोन माणसं लागतात, लिथियम तुमची मुलगी एकटी माळ्यावर नेईल. शाहूपुरीत याला किंमत आहे.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात मीटरच्या लुकलुकी आणि मिठाच्या बाटल्या, मग रिले आणि खालचा वेगळा एमसीबी, मग इन्व्हर्टर. चेंजओव्हर आत्ताच बसवून ठेवा. जनरेटर पहिल्या वळवाआधी एक सीझन भाड्याने आणून बघा, खरंच दोनपेक्षा जास्त रात्री लागला तरच विकत घ्या. महावितरणकडे तुमचा मोबाईल नंबर नोंदलेला आहे का तेही बघा, ठरलेल्या दुरुस्तीचा मेसेज आधी येतो. तक्रारीसाठी १९१२. ग्राहक क्रमांक शटरच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, अंधारात बिल सापडत नाही.